हिरव्या ढलप्यांचं पिंप

ईशान आणि तारा,

रविवारी तुमच्याशी व्हिडिओवर बोलताना मी पडवीत बसले होते. माझ्या मागचं निळं पिंप तुम्हाला दिसलं. त्यात काय आहे असं ईशानने विचारलं, मी लाकडं म्हणाले, आणि तारा लगेच म्हणाली, "मग डिसेंबरात आलो की शेकोटी करू!" त्यावर मी "अजिबात नाही" असं इतक्या जोरात म्हणाले की तुम्ही दोघंही गप्प झालात. नंतर तुमच्या आईने विषय बदलला.

तुम्ही यायच्या आत हे तुम्हाला नीट कळायला हवं, म्हणून लिहिते आहे. आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, तरी हे इंग्रजीत लिहावंसं वाटत नाही. सावकाश वाचा, अडलं तर बाबांना विचारा. पिंपाला हात लावायचा नाही, हे एका ओळीत सांगून झालं असतं. पण ते पिंप ज्यांनी तिथे आणून ठेवलं ते वामन मिस्त्री यंदाच्या पावसाळ्यात गेले. ईशान, तू त्यांच्या खांद्यावर बसून आमच्या कलमाच्या कैऱ्या तोडल्या होत्यास. तारा तेव्हा पाळण्यात होती.

नाव वामन, आणि उंची एवढी की आमच्या पाखाडीतल्या, म्हणजे आळीतल्या, प्रत्येक घरात शिरताना त्यांना वाकावं लागे. "आईबापानं नाव ठेवलं तवा मी आडवा होतो, बाई. त्यांना अंदाज आला न्हाय," असं ते स्वतःच सांगत. मी रेवदंड्याच्या शाळेत शिकवत असे, त्यामुळे त्यांच्यासाठी मी कायम बाई, आणि आजोबा "बाईंचे साहेब."

काम करताना त्यांच्या दातांत नेहमी एक लाकडाची काडी असे. ज्या लाकडावर काम चालू, त्याचीच. ती ते चघळत आणि लाकडाबद्दल मत देत. सागाची चव तुरट, फणसाची गोडसर, आणि आंब्याच्या लाकडाला चवच नाही, कारण "आंबा सगळा फळातच संपतो." बोलायचं असलं की काडी उजव्या गालातून डाव्या गालात जाई. रागावले की ती मधोमध, सरळ पुढे यायची, आणि आम्ही सगळे सावध व्हायचो.

त्यांना कुणी नम्र म्हटलं नसतं. कुणाच्याही घरी गेले की आधी दुसऱ्या सुताराचं काम शोधून काढत. "ह्ये दार कुणी बसवलं? त्याला सांगा, वामननं इचारलंय." स्वतःची चूक मात्र त्यांना दिसत नसे. आमच्या स्वयंपाकघराचं दार त्यांनी उलट्या बाजूला उघडणारं बसवलं. ते अजूनही फ्रिजवर आपटतं. आजोबांनी ते दाखवलं तेव्हा मिस्त्री दारापुढे बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, दार बरोबर हाय. सैपाकघर चुकीच्या बाजूला बांधलंय."

एकदा बोललं की बोललं, आणि एकदा दिलं की दिलं. त्यातलं काही परत घ्यायचं नाही, याचा त्यांना फार अभिमान होता. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आमच्याकडे आंघोळीचं पाणी तापवायला बंब असतो, तो तुम्ही पाहिला आहे. त्याला जळण लागतं, आणि सुतारकामातून निघणाऱ्या ढलप्यांसारखं जळण दुसरं नाही. आमच्या पाखाडीत पूर्वापार रीत अशी, की घरात काम झालं की ढलप्या घरमालकाच्या. पण मिस्त्री प्रत्येक कामातून एक पोतं स्वतःसाठी मागून घेत. बाकीच्या ढलप्याही ते स्वतः झाडून, जाडबारीक निवडून शेजारच्या घरांत वाटत. त्यांच्या हातून एक ढलपी वाया गेलेली मी पाहिली नाही.

त्यांचं ते एक पोतं कुठे जातं हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नसे. ते खाडीकडे, कोळीवाड्यात, त्यांच्या बहिणीच्या मागच्या दारी जाई.

बहिणीचं नाव यशोदा. सगळे तिला येसूबाय म्हणतात. तरुणपणी तिने कोळीवाड्यातल्या एका तांडेलाशी, होडी चालवणाऱ्याशी, लग्न केलं. घरच्यांना न विचारता, आणि जातीबाहेर. मिस्त्री त्या दिवशी बाजारात, चार माणसांदेखत म्हणाले, "मला बहीण न्हाय." मग तो शब्द तसाच राहिला. तिचा नवरा गेला तेव्हाही ते गेले नाहीत. पण त्यानंतरच्या पहिल्याच कामावरून पोतं मागून नेलं आणि तिच्या मागच्या दारी टेकवून, हाक न मारता परत आले. काही महिन्यांनी तेच पोतं, तोंड दुमडून, मिस्त्रींच्या ओट्यावर आलं. आत वांगी होती. मिस्त्री माळकरी, मासळी खात नसत. सुक्या मासळीच्या वाळवणात आयुष्य काढलेल्या त्या बाईने भावासाठी मागच्या दारी वांगी लावली होती.

असं कितीतरी वर्षं चाललं. पोतं भरून जाई, पोतं भरून येई. दोघं रस्त्यात समोरासमोर आली तर एकमेकांकडे न बघता जात. मी एकदा न राहवून म्हटलं, "मिस्त्री, एकदा बोला तरी तिच्याशी." काडी मधोमध आली. "बाई, बोललो ते बोललो." आणि थोड्या वेळाने, रंधा मारता मारता, "वांगी मातर झकास लावते हां."

मग चक्रीवादळ आलं. तुम्ही तिकडे फोनला चिकटून बसला होतात, ते वादळ. आपल्या पडवीचं छप्पर शेजारच्या वाडीत जाऊन पडलं. दोन खांब मोडले, आणि मोडल्यावर कळलं की आतून ते वाळवीने पोकळच केले होते. सगळ्या किनाऱ्यावर हीच तऱ्हा. साग मिळेना, मिळाला तर आपल्या आवाक्यात नाही. तेव्हा आजोबांनी औषध भरलेलं सुरूचं लाकूड मागवलं. असं लाकूड तयार करताना ते लोखंडी टाकीत बंद करतात, आतली हवा ओढून घेतात आणि दाब देऊन औषध पार आतपर्यंत भरतात. मग साधं लाकूडही ओलीत, मातीत वर्षानुवर्षं टिकतं. रंग थोडा हिरवट होतो.

मिस्त्रींनी टेम्पोतला माल पाहिला आणि कपाळावर हात मारला. "ह्ये काय, साहेब? लाकडाला ताप आला व्हता काय, औषध पाजलंत ते?" पहिले दोन दिवस त्यांनी त्याला हात लावला नाही. मग एक तुकडा तोडून घेतला, वाडीच्या कोपऱ्यातल्या वारुळात खोचला आणि म्हणाले, "काय ते वाळवी सांगंल."

काम तर करायचंच होतं. कारखान्याच्या माणसाने फोनवर सांगितलं होतं, की कापलेल्या टोकाला पुन्हा औषध लावायचं आणि कापलेलं टोक मातीत जाऊ द्यायचं नाही. मिस्त्री कुरकुरले, पण अक्षर न् अक्षर पाळलं. कापलेली सगळी टोकं वर, छपराकडे. खाचांना ब्रशने दोन हात. जळणाबद्दल मात्र तो माणूस काही बोलला नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. हिरव्या ढलप्या निघाल्या, त्या मिस्त्रींनी नेहमीसारख्या निवडल्या, वाटल्या. एक पोतं खाडीकडे गेलं. दातांतली काडीही आता हिरवी असे. "चव कशी आहे?" असं आजोबांनी विचारलं. "नाण्यावानी लागतंय, साहेब. तांब्याच्या नाण्यावानी."

पाऊस संपल्यावर एका सकाळी ते वारुळातला तुकडा नाचवत आले. चपला न काढता थेट पडवीत. "बाई, बघा! वाळवीनं त्वांड फिरवलं! बाजूची फांदी खाल्ली, ह्याला शिवली न्हाय!"

त्या दिवसापासून मिस्त्री त्या लाकडाचे भक्त झाले. रेवदंड्यापासून काशीदपर्यंत ज्याचं छप्पर उडालं त्याला ते हेच लाकूड घ्यायला लावत, आणि तो तुकडा खिशातून काढून दाखवत. वर्ष दीड वर्षात किती पडव्या, किती छपरं त्यांनी उभी केली. तितक्या ठिकाणच्या ढलप्या तितक्या बंबांत गेल्या. जे वाळवी खात नाही ते आपण चुलीत घालतो आहोत, हा विचार त्या सगळ्या काळात ना त्यांच्या मनात आला, ना आम्हा शिकलेल्यांच्या, ना आणखी कुणाच्या.

आपल्या न्हाणीघराच्या छपरासाठी दुसरा टेम्पो आला तेव्हा ते कळलं. ड्रायव्हर पनवेलकडचा, बोलका माणूस. मी त्याला चहा दिला. कप तोंडाला लावता लावता त्याचं लक्ष पेटलेल्या बंबाकडे गेलं, आणि बाजूला रचलेल्या ढलप्यांकडे. त्याने कप खाली ठेवला.

"आजी, ह्या जाळता तुम्ही?"

"मग काय पुजायच्या?" मिस्त्री म्हणाले.

"काका, आमच्या कारखान्यात ह्याला हातमोज्याशिवाय हात नाय लावू देत. हे कुणी जाळलं तर मॅनेजर नोकरीवरून काढतो. विष आहे ते!"

त्याने तो चहा घेतलाच नाही. मिस्त्री हसले, "लई भित्रा हाय," असं म्हणाले, पण काडी तोंडातून काढून त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मी आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना फोन लावला आणि आवाज मोठा करून ठेवला. सर म्हणाले, त्या औषधात तांबं असतं आणि सोमल असतो. लाकडात असतो तोवर तो बसून राहतो. जाळलं की काही धुरात जातो आणि उरलेला राखेत साठतो. राख हातात घेऊ नका, भांडी घासू नका, झाडांना घालू नका.

सोमल म्हणजे काय हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. जुन्या गोष्टींत सावत्र आया दुधातून घालायच्या, तो. मिस्त्री उठले, बंबाखालची लाकडं चिमट्याने ओढून काढली आणि पाण्याची बादली ओतली. मग म्हणाले, "बाई, साहेबांचं निळं पिंप रिकामं हाय ना?"

पुढचे काही दिवस ते रिक्षा घेऊन घरोघर फिरले. आयुष्यात दिलेली वस्तू परत न घेतलेला माणूस दारात उभा राहून ढलप्या परत मागत होता. लोकांनी त्यांना टोमणे मारल्याशिवाय सोडलं नाही.

"काय मिस्त्री, दिलेलं परत? दिवस फिरले वाटतं!"

"वाळवीनं तोंड फिरवलं म्हणून नाचत होतात, ते हेच काय?"

एका घरात ढलप्या संपल्या होत्या. तिथे त्यांनी राख मागितली. त्या घरची सासू कमरेवर हात ठेवून म्हणाली, "राख कशाला? अंगाला फासून बसनार हायस काय?" मिस्त्रींनी राख प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून, तोंड बांधून घेतली. त्यांच्या दातांत काडी नव्हती. जबडा मात्र सवयीने हलत होता.

कोळीवाडा त्यांनी शेवटी ठेवला. त्या दिवशी ते माझ्याकडे आले. "बाई, तुमी चला. तिची पोरगी तुमच्याकडं शिकली. तुमचं ऐकंल ती."

मी गेले, पण मला काही बोलावं लागलं नाही. मी रिक्षाजवळच उभी होते. येसूबाय मागच्या दारी वाळत घातलेल्या जवळ्यावरचे कावळे हाकलत होती. भावाला समोरून येताना पाहून तिने हातातली काठी खाली ठेवली. ती खोकत होती. तो खोकला आधीपासूनचा होता की त्या वर्षातला, हे मला तेव्हाही ठाऊक नव्हतं.

"येसू," मिस्त्री म्हणाले. एवढ्या वर्षांतली पहिली हाक. "त्या ढलप्या परत दे."

ती बघतच राहिली. "काय?"

"हिरव्या ढलप्या. हायती तेवढ्या दे."

"येवढी वर्सं माझं दार दिसलं न्हाय तुला, नि आज आलास ते ढलप्या मागाया?" तिचा आवाज चढला. शेजारच्या बायका ओट्यावर आल्या. "तुझ्याकडनं येवढंच येतं मला, दादा. ते बी नेतोस? न्हाय देनार, जा."

"ऐक जरा, येसू."

"तू दिलेलं परत घेत न्हाईस ना? गावभर सांगत फिरतोस. मंग बाजारात बोललास ते आधी परत घे. त्ये घे, नि मंग ढलप्या ने."

मिस्त्री उभे राहिले. मला वाटलं ते फिरतील, कारण मी त्यांना ओळखत होते. त्यांच्या मागे पिशव्यांनी भरलेली रिक्षा होती, समोर बहीण, आणि ओट्यावरच्या बायका एक अक्षर चुकवायला तयार नव्हत्या. ते वाकले. तिचं दार ठेंगणंच आहे. दाराच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "मला बहीण हाय."

एवढंच. येसूबाय आत गेली आणि पोतं फरफटत घेऊन आली. अर्ध्याहून कमी भरलेलं होतं.

"आता सांग," ती म्हणाली, "का नेतोस?"

"त्यात सोमल हाय. औषध म्हून घातलेला. मला ठावं नव्हतं, येसू."

ती पोत्याकडे बघत राहिली. मग चुलीकडे. मग वांग्यांच्या वाफ्याकडे. वाफा राखेने करडा झालेला होता. कीड पडू नये म्हणून आमच्याकडे सगळेच पानांवर राख टाकतात.

"दादा, वांग्यांवर राख टाकली मी," ती म्हणाली. "तू खाल्लीस ती?"

"खाल्ली."

"सगळी?"

"सगळी. कुनाला एक दिलं न्हाय."

ती त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. नंतर मिस्त्रींनी झाडं मुळासकट उपटली, वरची माती खरवडली आणि तीही भरून घेतली.

अलिबागच्या डॉक्टरांकडे मी दोघांना घेऊन गेले. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, येसूबायच्या छातीत जन्मभराचा चुलीचा धूर आहे, त्यात या धुराचा वाटा किती हे कुणालाच सांगता येणार नाही. मिस्त्रींचं पोट काही महिन्यांपासून दुखत होतं, तेही कशाने, ते सांगता येणार नाही. मिस्त्रींना हे उत्तर पटलं नाही. पुढे जो डॉक्टर भेटेल त्याला ते तोच प्रश्न विचारत, स्वतःबद्दल नाही, बहिणीबद्दल. "माझ्यामुळं हाय का, येवढंच सांगा." कुणी हो म्हणालं नाही, कुणी नाही म्हणालं नाही. हे मी तुम्हाला गोड करून सांगू शकत नाही. तो प्रश्न मिस्त्रींबरोबर शेवटपर्यंत राहिला.

ढलप्या कुठे टाकायच्या हेही कुणी सांगेना. कारखान्याचा माणूस फोनवर म्हणाला, विकलेला माल परत घेत नाही. ग्रामपंचायतीत म्हणाले, कचऱ्याच्या गाडीत टाका. ती गाडी कचरा खाडीपलीकडे नेऊन जाळते, हे मिस्त्रींनी डोळ्यांनी पाहिलं होतं. जमिनीत पुरावं तर सगळीकडे विहिरी. म्हणून ते पिंप आपल्या पडवीत आलं, फरशीवर, छपराखाली. झाकणावर तार मिस्त्रींनी पिळली.

बहीण-भाऊ बोलू लागली, हे खरं. मिस्त्री संध्याकाळी तिच्या पायरीवर जाऊन बसत. एकदा त्यांनी फणसाच्या ढलप्यांचं पोतं नेलं, नव्या पोत्यात, साधं लाकूड. तिने ते ठेवून घेतलं, पण पेटवलं नाही. मुलीने गॅस आणून दिला तो ती वापरू लागली. "दादा, तुझ्यावर इस्वास हाय," ती म्हणे, "पन हात व्हत न्हाय रं." ते पोतं तसंच दाराशी राहिलं. मिस्त्रींनी नवं काम घेणं हळूहळू बंद केलं. पण ज्या ज्या घरी हिरवं लाकूड बसवलं होतं तिथे जाऊन, दाराच्या आत डोकं घालून, ते पुन्हा पुन्हा बजावत, "तुटलं, कापलं, काय बी झालं तरी जाळायचं न्हाय. मला हाक मारा."

दरवर्षी पावसाआधी ते पिंप बघायला येत. यंदा मे महिन्यात आले तेव्हा येसूबाय बरोबर होती. मिस्त्री खूप वाळले होते. उंची तेवढीच, त्यामुळे अजूनच वाळलेले दिसत. येसूबाय पडवीत आली नाही. "मी न्हाय येत त्या खांबांखाली," ती म्हणाली आणि भर उन्हात छत्री उघडून अंगणात उभी राहिली. मी तिला सांगितलं की उभ्या लाकडाने काही होत नाही, आजोबांनी त्याला रंगही दिला आहे. तिने मान हलवली, पण जागची हलली नाही.

मिस्त्रींनी खांबावर तळहात ठेवला, वर छपराकडे पाहिलं. "बघ येसू, कुठं वाळवी हाय काय?"

"न्हाय रं बाबा. झाकन बघ आधी."

ते गुडघ्यांवर हात ठेवून वाकले, तार चाचपली, एक पीळ अजून घातला. मग बाहेर जाऊन नळावर हात धुतले. येसूबायने पदर पुढे केला, त्याला पुसले. दोघं एका छत्रीखाली फाटकातून गेली. छत्री तिच्या हातात होती, आणि त्यांना मावायला बरंच वाकावं लागत होतं.

डिसेंबरात याल तेव्हा शेकोटीसाठी नारळाच्या झावळ्या आणि करवंट्या मी सुकवून ठेवते आहे. पडवी उभी आहे आणि खांबांना वाळवी लागलेली नाही. खांबाला टेकलात तर जेवणाआधी हात धुवा. पिंप भरलेलं आहे, तार घट्ट आहे. येसूबाय कोळीवाड्यात आहे, तिला खोकला आहे. मागच्या दारी तिने पुन्हा वांगी लावली आहेत. त्यांवर ती राख टाकत नाही, त्यामुळे त्यांना कीड लागते, आणि किडकी बाजूला काढून ती बाकीची शिजवते.